जातो म्हणू नये

१

दुपार चढली, चिंतामणीच्या देवळाकडे जाणारा रस्ता उन्हानं पांढरा पडला, की अक्षय दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचा आणि शाम गाडीला किक मारून तांड्यावर जेवायला निघायचा. कळंबच्या त्या टीचभर मोबाइलच्या दुकानात गिऱ्हाईक तसंही ऊन उतरल्यावरच फिरकायचं. घरी याडीच्या, म्हणजे आईच्या, हातची ज्वारीची भाकर, सोबत कांदा, आणि मग पुढच्या खोलीतल्या गार फरशीवर पालथं पडून नवगाव.

नवगाव म्हणजे मोबाइलमधलं गाव. तिथं ज्याला त्याला एक घर मिळायचं. घरापुढं अंगण, अंगणापुढं गल्ली, गल्ल्या संपल्या की बाजार. आपलं शेत पिकवायचं, शेजाऱ्याच्या झाडांना पाणी घालायचं, नाणी जमवायची आणि बाजारात उधळायची. पलंग, पडदे, नाचणारे मोर, काचेचे जिने, काय म्हणाल ते. घेतलेल्या वस्तूला हात लावता येत नाही, तिच्यावर बसता येत नाही, हे शामलाही कळत होतं. पण वस्तू निवडून झाली, भाव ठरला आणि ती आपल्या अंगणात टपकन येऊन उतरली, की त्याची छाती अशी भरून यायची की उन्हातान्हाचं भानच उरायचं नाही.

शाम नववीतून शाळा सोडलेला, बावीस-तेवीस वर्षांचा, मुलखाचा लाजरा. भाजीबाजारात वांग्याचा भाव करायचा तर त्याची मान खाली जायची. समोर माणूस उभा राहिला की शब्द घशातल्या घशात विरघळायचे. नवगावात मात्र त्याच्या बोटांना तोंड फुटायचं. तिथं तो घासाघीस करायचा, टोमणे मारायचा, एकदा तर एका व्यापाऱ्याला चक्क खोटारडा म्हणाला होता आणि नंतर दिवसभर स्वतःवरच खूश होता.

"काय बे शाम," अक्षय म्हणायचा, "तठी बंगला बांधून राह्यला, अन् अठी चपलीले खिळा ठोकून हिंडतं."

शाम हसायचा. अक्षयला खरं ठाऊक नव्हतं. शामनं नवगावात बंगला बांधलाच नव्हता. त्यानं बांधलं होतं ते आपलं तांड्यावरचं घर. तस्संच. दोन खोल्या, हिरवा दरवाजा, ओटा, आणि पुढच्या खोलीच्या छताला दोन हूक.

२

त्या हुकांची गोष्ट अशी. घरकुल मंजूर झालं, स्लॅब पडायचा दिवस आला, तेव्हा शामचा बाप खेमसिंग स्वतः वर चढला आणि सळया वाकवून त्यानं दोन हूक छतात बसवले. खालून शामची याडी सुखीबाई ओरडली, "कायले ते?"

"बंगई टांगीन," खेमसिंग म्हणाला. "सागाची फळी, पितळी साखळ्या. तू अन् मी बसू. झोके घेऊ म्हातारपणी."

"लाज नाई वाटत का पोरांपुढं," असं सुखीबाई म्हणाली खरी, पण त्या दिवशी मजुरांच्या चहात तिनं साखर जरा जास्तच टाकली.

खेमसिंग ट्रकवर होता. आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथे घातले, खेमसिंगनं ट्रकमधून सिमेंट वाहिलं. एकदा जॅक सटकून त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं, ते पुन्हा उगवलंच नाही. लहानपणी शाम त्या गुळगुळीत अंगठ्याला 'बाळ' म्हणायचा आणि त्याच्यावर पेनानं डोळे काढायचा.

स्लॅब पडून महिना झाला असेल. एका सकाळी इंजिन सुरू करून खेमसिंगनं खिडकीतून हात हलवला आणि म्हणाला, "चाल, जातो."

"येतो म्हणा," सुखीबाई ओट्यावरून म्हणाली. इंजिनाच्या घरघरीत त्याला ते ऐकू गेलं नाही.

ट्रक रायपूरच्या पुढं एका ढाब्याजवळ उभा सापडला. चावी लावलेली, डबा न उघडलेला. माणूस सापडला नाही. आज नाही, उद्या नाही, वर्षं झाली तरी नाही. तांड्यातल्या बायकांनी हळूहळू सुखीबाईच्या बांगड्यांकडे पाहायला सुरुवात केली, पण तिनं बांगड्या उतरवल्या नाहीत.

तेव्हापासून त्या घरात 'जातो' हा शब्द कुणी उच्चारला नाही. बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोला की मराठीत, नियम एकच. दळणाला निघालात तरी येतो म्हणायचं. आणि नुसतं तेवढ्यानं भागत नाही. कुणी येतो म्हटलं की मागं राहणाऱ्यानं 'ये' म्हणायचंच. उत्तर न मिळालेला 'येतो' सुखीबाईला उंबऱ्यावर सांडलेल्या मिठासारखा वाटायचा. थोरली ममता लग्न होऊन बाभुळगावला गेली, तिच्या सासरीही हीच सवय लागली. शामच्या तर जिभेलाच ती चिकटली होती. अक्षय सांगायचा, "हा बाबू कंपनीच्या रेकॉर्डिंगलेही ये म्हणते."

३

शाम नवगावात कधीपासून बंगई शोधत होता. झोपाळे पुष्कळ मिळत. वेलींचे, टायरचे, अंड्याच्या आकाराचे, पऱ्या बसवलेले. पण साधी सागाची फळी आणि चार साखळ्या, ही काही मिळत नव्हती.

मे महिन्यातल्या एका दुपारी तो बाजाराच्या पार टोकाला पोचला. तिथं दुकानं संपत होती आणि नुसतं पिवळं गवत होतं. गवतात बैल बसलेले. पाठीवर गोण्या. मध्ये पांढऱ्या पटक्याचा एक माणूस, नवगावातल्या नव्या माणसांना असतो तसा, चेहऱ्याच्या जागी नुसता गोल. वर पाटी: लदेणी.

शाम उठूनच बसला. लदेणी. बैलांवर माल लादून फिरायचा आपल्या लोकांचा जुना धंदा. पूनमसिंग आजा गेल्यापासून हा शब्द त्यानं कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

त्यानं त्या माणसावर बोट ठेवलं. अक्षरं उमटली.

"काय पायजे?"

नवगावातले दुकानदार 'प्रिय ग्राहक, आपले स्वागत आहे' असलं लोखंडी मराठी बोलत. हा 'पायजे' म्हणत होता. शामचे कान गरम झाले, इतका आनंद झाला त्याला.

"बंगई हाय का?"

"हाय. साग. साखळ्या पितळी."

"दोघांची पायजे."

"दोघांचीच हाय."

भाव पाहून शामनं लिहिलं, "अर्ध्यात दे."

"अर्ध्यात दोनच साखळ्या येतीन."

"मंग काय मी एका बाजूले लटकू?"

"लटकायचं असन तं लटक. माही ना नाई."

शाम एकटाच खो खो हसला. असा व्यापारी त्याला नवगावात भेटला नव्हता, बाहेरही नव्हता. शेवटी मधल्या भावावर सौदा पटला. बंगई त्याच्या सामानात आली, आणि त्या माणसानं लिहिलं:

"येतो."

"या," शामनं लिहिलं. बोटांनी आपसूकच लिहिलं.

मग फोन छातीवर ठेवून तो छताकडे बघत पडला. पंखा गरगरत होता. काहीतरी खटकत होतं, दातात ज्वारीचा कण अडकावा तसं. जरा वेळानं ते सापडलं. दुकानातून निघाला होता शाम. येतो म्हणायचं ते शामनं. दुकानदार आपल्या जागेवर बसलेला, तो कुठं निघाला होता?

हट्, असेल कुणी दिग्रस-पुसदकडचं आपलंच पोरगं. घाईत उलटं लिहिलं असेल. शाम कुशीवर वळला आणि बंगई टांगायला घेतली.

४

"याडी, अठी ये. डोळे मीट."

"भांडे घासून राह्यली ना मी."

"ये तं."

सुखीबाई ओले हात लुगड्याला पुसत आली. शामनं फोन तिच्यापुढं धरला. पडद्यावर हिरवा दरवाजा उघडला, पुढची खोली दिसली, आणि छताच्या दोन हुकांना सागाची बंगई. उन्हाचा पट्टा फळीवर पडलेला. बंगई हळूच पुढं आली, मागं गेली.

सुखीबाईनं फोन दोन्ही हातांत घेतला, एखाद्याचं लेकरू घ्यावं तसा. मग पदर तोंडात धरून हसायला लागली.

"हे तं आपलंच घर होय की. ओटाही तोच. पाय धुवायचा दगडही हाय."

"तुले आवडली का?"

"फळी लयच मोठी घेतली. दोघांच्या मधात एक बकरी बसन."

"बा बसला म्हणजे बकरीले जागा नाई राहणार," शाम म्हणाला आणि जीभ चावली. या घरात बाचं नाव असं गमतीत कुणी काढत नसे. पण सुखीबाई आणखीच हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाच्या जाण्यानंतर शामनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. आपण काहीतरी फार मोठं केलं, असं त्याला वाटलं.

"अन् आवाज कसा खराखुरा देल्ला पाहा," ती म्हणाली. "साखळीची कुरकुर."

कुर्र. कुर्र. खरंच फार झकास आवाज होता. पितळेवर लोखंड घासतं तसा, दर झोक्याला एकदा. शाम मान डोलवत ऐकत राहिला.

मग त्याला आठवलं की दुकानात सारखे फोन वाजतात म्हणून त्यानं आपल्या फोनचा आवाज कायमचा बंद ठेवला आहे.

त्यानं बाजूचं बटण पाहिलं. बंदच होतं. कुर्र. कुर्र. पंखा, तो मनाशी म्हणाला. पंख्याचं बेरिंग गेलं. तो उठला, पंखा बंद केला. पाती मंद झाली, थांबली. खोलीत उकाडा साचला.

कुर्र.

आणि मग थांबलं. आपोआप मंदावत गेलं नाही. झोका घेताना माणूस पाय टेकवतो आणि बंगई जागच्या जागी रोखतो, तसं एकदम थांबलं.

"काहून बंद केला रे पंखा?" सुखीबाई म्हणाली. तिनं फोनवरून नजरसुद्धा उचलली नव्हती.

५

त्यानंतरचे दिवस सणासारखे गेले. दुपार झाली की मायलेकं फरशीवर पालथी पडायची आणि बाजार करायची.

सुखीबाईला खरेदीचं वेडच लागलं. बंगईला उशी हवी, तीही काचांच्या भरतकामाची. उशी आली. मग पितळी तांब्या. मग पानाचा डबा. "आलेल्यानं पान मांगतलं तं काय तोंड पाहू त्याचं?" मग ओट्याजवळ मोगरा. शाम घासाघीस करायचा, सुखीबाई मागून फूस द्यायची, "त्याले म्हण तांब्याले पोचा हाय." आणि पडद्यावर उमटायचं, "पोचा तुमच्या मनात हाय, बाई." ती खुदकन हसायची.

बाई म्हणून लिहायला त्याला कळलं कसं, हे शामच्या मनात येऊन गेलं. आपणच कधी तरी याडीबद्दल लिहिलं असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

ममताचा बाभुळगावहून फोन आला. "याडीले झालं तरी काय? परवा फोनवर गाणं म्हणून राह्यली."

"बाजार करून राह्यलो आमी," शाम म्हणाला.

"कोणता बाजार? साड्या घेता का? मले सोडून?"

लदेणीचं एक बरं होतं. तिच्यासाठी फार लांब जावं लागत नव्हतं. पहिल्यांदा ती बाजाराच्या टोकाला भेटली. उशी घेतली तेव्हा बैल बाजाराच्या तोंडाशी बसले होते. तांब्याच्या वेळी शामच्या गल्लीच्या वळणावर. मोगरा घेतला तेव्हा शेजारच्या कुंपणाला टेकून.

"जवळ जवळ येऊन राह्यलं दुकान," शामनं लिहिलं होतं.

"लदेणी हाय. एका जागी बसन तं लदेणी कशाची?"

हे उत्तर शामला इतकं आवडलं की त्यानं ते अक्षयलाही ऐकवलं. आणि दर सौद्याच्या शेवटी तो शब्द यायचा. येतो. शाम लिहायचा, या. सुखीबाई शेजारून मोठ्यानं म्हणायची, या हो.

एका सकाळी ती पुढची खोली झाडत होती. शाम चपला घालत होता. झाडूपुढं तांबडी पूड जमली. दोन छोट्या ढिगल्या, एकीपासून दुसरी बंगईच्या लांबीवर. शामनं वर पाहिलं. छतातले हूक इतकी वर्षं गंजून काळे-तांबडे झाले होते. आता त्यांच्या आतल्या कडा लख्ख चकाकत होत्या. साखळी रोज घासते तिथं लोखंड चकाकतं, तशा.

"याडी, हे काय हाय?"

"गंज झडते उन्हाळ्यात," सुखीबाई म्हणाली. तिनं पूड सुपलीत भरली, आणि टाकून न देता ओट्यावरच्या तुळशीत ओतली.

लोखंड तापतं, फुगतं, गंज सुटतो. शामनं गाडी चालवता चालवता हे मनात घोळवून पक्कं केलं. कळंब येईपर्यंत ते त्याला पटलंही. मग त्याच्या लक्षात आलं की आपण पूर्ण रस्ता शीळ घालत आलो. भीती वाटायला हवी होती. वाटत होता तो हुरूप. घरात काहीतरी होऊ घातलं होतं, आणि याडी गात होती.

६

"दाव बे तुही लदेणी," अक्षय म्हणाला. ऊन अजून उतरलं नव्हतं, दुकानात माशीही नव्हती. त्या दिवशी शाम जेवण करून लवकर परतला होता. अक्षयनं आपल्या फोनवर नवगाव उघडलं आणि पाहुणा म्हणून शामच्या गल्लीत शिरला.

"कुठं हायेत बैल?"

"कुंपणापाशी पाह्य."

"कुंपणापाशी गवत हाय भाऊ. तुले ऊन लागलं." अक्षयनं हिरवा दरवाजा उघडला. "हां, घर मस्त केलं पण. बंगई गिंगई. अन् पाहुणे कोण आलेत?"

"कोणते पाहुणे?"

"बंगईवर बसले नाई का ते. पाठ हाय आपल्याकडं. पांढरा पटका."

शामनं फोन हिसकावला. सागाच्या फळीवर एका कडेला एक माणूस बसला होता, रुंद पाठीचा. दुसरी कडा रिकामी. बंगई हलत होती.

शामच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगायचं तर तो आनंदाचा होता. बा. दुसरं काही सुचलंच नाही त्याला. एवढी वर्षं याडीनं उंबऱ्यावर बसून काढली, कुणी तरी ऐकलंच शेवटी. त्यानं खिशातून आपला फोन काढला. त्याच्या फोनमध्ये बंगई रिकामी होती. पण फळी एका बाजूला कललेली होती, तिच्यावर भार असावा तशी. अंगणात बैल बसले होते. गोण्या उतरवलेल्या. व्यापारी नव्हता.

त्यानं बैलांवर बोट ठेवलं. जुनं बोलणं उघडलं, आणि शेवटी शामनं न लिहिलेल्या ओळी दिसल्या. आजच्याच दुपारच्या. तो फोन घरी ठेवून टाकीवरून पिण्याच्या पाण्याचा कॅन आणायला गेला होता तेव्हाच्या. सुखीबाईला लिहिता येत नव्हतं, पण माइकचं बटण दाबून बोललं की अक्षरं उमटतात, हे शामनंच तिला शिकवलं होतं.

"आमचं माणूस पाह्यलं का हो कुठं वाटेनं? खेमसिंग नाव. ट्रकवर हाय."

"पाह्यलं."

"कुठं हाय?"

"वाटेनंच. अजून चालून राह्यला."

"घेऊन या ना त्याले."

"तो येत नाई. जातो म्हणून निंगाला होता. जातो म्हणणाऱ्याले येता येत नाई. तुमीच चाला. बंगई दोघांची हाय."

"पोराले काय सांगू?"

"पोराले जाते म्हणा. तेवढा एक शब्द म्हणा, बस."

"बरं."

"आजच येतो."

"या."

शामनं काउंटरवरून उडी मारली. शटरला डोकं आपटलं. अक्षय मागून काहीतरी म्हणाला, पण गाडी तेव्हा वळणावर पोचली होती.

याडी ते म्हणेल का? म्हणणार नाही. जो शब्द तिनं सगळ्या घराच्या तोंडून काढून टाकला, तो ती स्वतः कसा म्हणेल? आणि म्हणाली तर? फोनमधल्या अक्षरांनी कुणी माणूस नेतं का? रस्ता उन्हात चमचमत होता. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी वावरं. त्यात कुठं तरी बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजत होत्या. वावरात बैल असणारच, तो स्वतःला म्हणाला. पण एकाही वावरात बैल नव्हता.

७

घराचा हिरवा दरवाजा उघडा होता. दारात पडदा म्हणून सुखीबाईचं जुनं लुगडं टांगलेलं असायचं, ते जमिनीपासून हातभर वर होतं. आत ऊन शिरलेलं, खोली स्वच्छ उजळलेली. मोगऱ्याचा वास येत होता. त्यांच्या घरी मोगरा नव्हता.

कुर्र. कुर्र.

शाम ओट्यावरच थबकला. पडद्याखालून त्याला याडीची पावलं दिसली. पायांत जुनी चांदीची कडी, ममताच्या लग्नानंतर तिनं पेटीत टाकलेली. वर फेटियाची, तांड्यातल्या बायकांच्या घागऱ्याची, लाल किनार, काचा लावलेली. पावलं पुढं आली, मागं गेली. पुन्हा पुढं आली. जमिनीला लागत नव्हती.

त्यांच्या शेजारी आणखी दोन पावलं होती. मोठी, भेगाळलेली, पांढऱ्या धुळीनं माखलेली, दूरवरून चालत आलेल्या माणसाची असतात तशी. ती जमिनीला टेकत होती. झोका तीच देत होती.

"शाम आला का?" आतून सुखीबाई म्हणाली. आवाज कोवळा होता, नव्या नवरीसारखा. "बरं झालं आला. तुही वाट पाहून राह्यली होती. मी आता..."

"याडी, थांब."

"शाम, मी..."

"याडी, येते म्हण."

बंगई हलत राहिली. त्या दोन पावलांनी एक दमदार झोका दिला, आणि त्या झोक्यात डावं पाऊल उन्हाच्या पट्ट्यात आलं. शामची नजर आपसूक अंगठ्यावर गेली. लहानपणापासूनची सवय होती ती. त्या अंगठ्यावर जाडजूड, पिवळट, अख्खं नख होतं.

शामचा सगळा हुरूप एका क्षणात गळाला. समोर माणूस उभा राहिला की ज्याचे शब्द घशात विरघळायचे, तो शाम बोलला. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

"याडी, डावा पाय पाह्य त्याचा. अंगठ्याले नख हाय."

आत काही हललं नाही. फक्त साखळी. कुर्र. मग याडीची कडी किणकिणली, ती खाली वाकून पाहत असावी.

"नाई," ती शेवटी म्हणाली. कोवळेपणा गळून पडला होता, तिचा रोजचा, भांडी घासणारा आवाज परत आला होता. "हे आमचं माणूस नोहे. शाम, हे कोण होय रे?"

शामनं उंबऱ्यावर पाय ठेवला. पडदा बाजूला करायचं धैर्य त्याला झालं नाही. पण एवढ्या वर्षांत त्या घरात जो शब्द कुणी कुणाला म्हटला नव्हता, तो त्यानं पडद्याकडे तोंड करून स्पष्ट म्हटला.

"तुमी जा."

कुरकुर थांबली. पाय टेकवून थांबवावी तशी. याडीचे पाय धपकन फरशीला लागले, तिच्या बांगड्या वाजल्या. धुळीनं माखलेली पावलं उठून उभी राहिली. दाराकडे आली नाहीत, खोलीतच कुठल्या तरी बाजूला वळली आणि पडद्याखालून दिसेनाशी झाली. मोगऱ्याचा वास विरला. ऊन नुसतं ऊन राहिलं.

शामनं पडदा ओढला. सुखीबाई फरशीवर बसली होती, काचळी-फेटिया नेसून, घामानं डबडबलेली. वर दोन रिकामे हूक. खाली तांबड्या पुडीच्या दोन ढिगल्या. ती डोळे मिचकावत त्याच्याकडे बघत होती, भरदुपारी गाढ झोपेतून उठावं तशी.

"पाणी दे रे," ती म्हणाली.

त्याचा जीव भांड्यात पडला. हसू आणि रडू एकाच वेळी फुटलं. तो आतल्या खोलीतल्या माठाकडे वळला, आणि तेव्हा मागून, छताच्या अंगानं, एक शांत, समजूतदार आवाज आला. रीतभात सांभाळणाऱ्या, बोलावल्या घरून निघणाऱ्या माणसाचा.

"बरं. येतो."

शाम तिच्या तोंडावर हात ठेवायला झेपावला. पण इतक्या वर्षांची सवय हातापेक्षा चपळ असते.

"या," सुखीबाई म्हणाली.